अस्वलाला तिकीट नाही

"आई, जरा बाबांच्या बाजूला सरक, म्हणजे अस्वलही येईल फोटोत," मुलगी म्हणाली.

भिंगबाई सरकल्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवून, नाकाला रंग लागेल इतक्या जवळ जाऊन त्या भिंत वाचत होत्या. भिंतीवर एक लाल बस होती. पुढच्या काचेत त्यांचा नवरा बसला होता. जन्मात कधी नव्हत्या एवढ्या झुपकेदार मिशा चितारणाऱ्यानं त्याला बहाल केल्या होत्या. मागच्या खिडकीतून एक अस्वल हात बाहेर काढून टाटा करत होतं. चित्र झकास होतं, कुणीही म्हटलं असतं. फक्त त्याच्याखाली टपोऱ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थापाड्या ड्रायव्हर आणि त्याचं अस्वल'.

"हा शब्द पुसा," भिंगबाई म्हणाल्या.

उद्यानाचे साहेब शेजारीच उभे होते. बिचाऱ्यांनी चहा मागवला होता आणि कौतुकाचे दोन शब्द झेलायला चेहरा तयार ठेवला होता. कुठला शब्द, असं त्यांनी विचारलं. भिंगबाईंनी बोट पुढे केलं, पण रंगाच्या अलीकडेच थांबवलं. काचपट्टीवर बोटाचा ठसा उमटू द्यायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय होती.

या बाईंचं खरं नाव काय हे त्यांच्या इस्पितळात पगारवाटप करणाऱ्यालाही दोनदा आठवावं लागे. रक्त तपासायच्या खोलीत त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायच्या, म्हणून त्या भिंगबाई. खोलीला खिडकी एक, तीही अंगणातल्या पाण्याच्या टाकीकडे उघडणारी. त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस ते त्यांना, काचपट्टीवरच्या रक्ताच्या थेंबात काय आहे त्यापेक्षा उशिरा कळायचं. तापानं फणफणलेल्या माणसाच्या रक्तात हिवतापाचे जंतू आहेत का, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दिसले तर 'दिसले' लिहायचं. न दिसले तर 'दिसले नाहीत' लिहायचं. 'नाहीत' असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. एक तरणेबांड डॉक्टर एकदा अंगावर धावून आले होते, की बाई, स्पष्ट लिहा, आहेत की नाहीत. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, की मी एक थेंब बघितलाय, माणूस नाही बघितला.

आणि असल्या बाईच्या पदरी नवरा कसा पडावा? बस चालवणारा, आणि बसपेक्षा जीभ जोरात चालवणारा. खोटं बोल पण रेटून बोल, हे म्हणे त्याच्याकडे बघूनच कुणाला तरी सुचलं होतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, पण तिळाचा डोंगर मात्र तासाभरात व्हायचा. घाटात एकदा ब्रेक निकामी झाले तेव्हा त्यानं शिट्टी वाजवून बस थांबवली होती. वरच्या थांब्यावरचं धुकं त्यानं एकदा डिकीत भरून खाली आणलं होतं आणि डेपोतल्या पोरांनी ते उन्हाळाभर पुरवून वापरलं होतं. भिंगबाई भाकरी थापताना हे सगळं ऐकायच्या आणि पुरावा मागायच्या. तो म्हणायचा, पुरावा खाली उतरला ना मधल्याच थांब्यावर.

अस्वलाची गोष्ट मात्र वेगळी होती. ती त्यानं पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो हसत नव्हता.

त्याची बस डोंगरावर जायची, जिथं रस्ता संपतो आणि ढग सुरू होतात त्या जंगलापर्यंत. तिथलं धुकं असं, की कपात चहा ओतला तर कप भरला की नाही ते बोट बुडवून बघावं लागतं. माणसानं जांभई दिली तर ढगाचा घास पोटात जातो. म्हणून त्या मार्गावर ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. रस्त्याच्या कडेला काळं काही उभं दिसलं की बस थांबवायची, दार उघडायचं, आणि चढणाऱ्याला चढू द्यायचं. चौकशी नंतर. कारण तिथं मागं राहिलेला माणूस सकाळी गारठून सापडायचा. त्या दिवशी असंच काळं काही उभं होतं. जाड कोट, वर केलेली कॉलर, असं त्याला वाटलं. दार उघडलं. काळं आत आलं, बस एका बाजूला कलली आणि काळं मागच्या बाकावर जाऊन बसलं. बाकीचे प्रवासी पेंगत होते. कंडक्टर तिकीट फाडायला मागे गेला आणि आला तसा परत आला. हळूच म्हणाला, मागच्या प्रवाशाचा पास आहे. खालच्या वळणावर दार उघडल्यावर ते उतरलं आणि झाडीत गेलं.

एवढंच. पुढे वर्षं गेली तसं अस्वल वाढत गेलं. आधी ते नुसतं उतरत असे, मग घंटी वाजवून उतरायला लागलं, आणि नवरा निवृत्त झाला त्या सुमाराला ते एका म्हातारीचं बोचकं उतरवून द्यायला लागलं. कंडक्टरला कुणी विचारलं तर तो सांगायचा, दार उघडलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरायची, मला कोट दिसला, तोंड दिसलं नाही. पण मग पास आहे असं का म्हणालास? तर म्हणे, एवढ्या ऐटीत बसला होता, पास असणारच.

कंडक्टरही गेला. गेल्या थंडीत ड्रायव्हरही गेला. उरलं ते अस्वल. डोंगरावरच्या उद्यानात पाहुण्यांसाठी नवीन दालन बांधलं, तेव्हा साहेबांना वाटलं, नुसती पानाफुलांची माहिती कोण वाचतं, काहीतरी गमतीचं हवं. डेपोतल्या कुणीतरी ही गोष्ट सांगितली. साहेबांनी मुलीला फोन केला, मुलीला आनंद झाला. बाबा भिंतीवर जाणार म्हटल्यावर कुणाला होणार नाही? तिनं गाडी ठरवली, आईला बसवलं, आणि ढगात आणून उभं केलं.

साहेबांनी समजावून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, आजी, लोक किती प्रेमानं फोटो काढतात बघा, तो शब्दही प्रेमाचाच आहे, आणि डेपोत सगळे त्यांना त्याच नावानं ओळखायचे.

"माहीत आहे," भिंगबाई म्हणाल्या. "ते नाव मीच ठेवलं होतं."

खरंच त्यांनीच ठेवलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो उशिरा आला आणि उशिराचं कारण म्हणून त्यानं रस्त्यात आडवा पडलेला ढग सांगितला. भिंगबाई खिडकीतून ओरडल्या, आला का थापाड्या. खाली कंडक्टर उभा होता. रात्रीपर्यंत डेपोला कळलं, महिनाभरात गावाला, आणि नंतर तर पोस्टमनसुद्धा त्याच नावानं दार वाजवायला लागला.

साहेबांचा चेहरा उजळला. मग तर प्रश्नच मिटला, असं त्यांना वाटलं. भिंगबाईंचा प्रश्न तिथंच सुरू होत होता, पण तो साहेबांना कसा समजावा? घरात नवरा समोर बसलेला असताना म्हटलेला थापाड्या वेगळा. तो शब्द ऐकला की नवरा मान वर करून हसायचा आणि आणखी एक थाप मारायचा. भिंतीवरचा मान वर करणार नव्हता. तो आता जन्मभर, म्हणजे भिंतीचा जन्म असेल तोवर, थापाड्याच राहणार होता आणि येणारा-जाणारा त्याच्या अस्वलाला हसणार होता. उत्तर द्यायला तो नव्हता.

"पण आजी, शब्द चूक कुठं आहे?" साहेब म्हणाले. "आम्ही झाडाझाडावर कॅमेरे लावलेत. माकडं येतात, रानमांजरं येतात, परवा तर आमचाच स्वयंपाकी आला. अस्वल एकदाही नाही. या डोंगरात अस्वल नव्हतंच कधी."

"नव्हतंच?"

"नव्हतंच."

"दिसलं नाही, म्हणा."

साहेब हसले. मग चहाचा कप भिंगबाईंच्या हातात देत थट्टेनं म्हणाले, की जंगल समोर आहे, एक अस्वल दाखवा, थापाड्या पुसून तिथं सत्यवान लिहितो. भिंगबाईंनी चहा तसाच खाली ठेवला आणि बुटाच्या नाड्या आवळायला लागल्या.

मुलगी आधी हसली, मग घाबरली, मग चिडली. गुडघ्यांची आठवण करून दिली, डॉक्टरांची भीती घातली, शेवटी लोक काय म्हणतील इथपर्यंत आली. भिंगबाईंनी सांगितलं, की गुडघे माझे आहेत आणि लोक ढगात आहेत, त्यांना दिसणार नाही. साहेबांना आता आपल्या थट्टेचा पश्चात्ताप व्हायला लागला होता. त्यांनी हातात एक काठी आणि सोबत वाटाड्या दिला. या वाटाड्याला सगळे हळूमामा म्हणायचे. दिवसाचे सगळे शब्द त्यांनी एकातच बसवले होते. पाय घसरला की हळू, पक्षी दिसला की हळू, जेवायला बसलं तरी हळू.

दालनाच्या मागून वाट निघत होती. दहा-बारा पावलांत दालन पुसलं गेलं. भिंगबाईंनी आयुष्यभर काचेखालचं ओलं, धूसर जग एका डोळ्यानं बघितलं होतं. आता त्या जगात त्या स्वतःच शिरल्या होत्या. झाडं बुटकी, वाकलेली, म्हाताऱ्यांनी घोंगड्या पांघराव्यात तसं शेवाळ पांघरून उभी. पाऊस नव्हता, तरी प्रत्येक पान आपापल्या हिशेबानं ठिबकत होतं. कुठंतरी एक पक्षी तेल न घातलेल्या बिजागरीसारखा कुरकुरत होता. हळूमामांनी हळू म्हटलं आणि वर बोट केलं. हिरवी पाठ, तांबडं पोट, एवढं दिसेपर्यंत ढग मध्ये आला आणि फांदी रिकामी झाली.

एका फुगीर पानाच्या खोबणीत पाणी साठलं होतं आणि त्यात नखाएवढा बेडूक बसला होता. भिंगबाई वाकल्या त्या वाकल्याच. त्याचा गळा धडधडत होता. एवढ्याशा पाण्यात एवढंसं जनावर, आणि जगाची पर्वा नाही. त्यांना तो फार आवडला. पुढे डोक्यावरून माकडांची टोळी गेली. माकड एकही दिसलं नाही, फांद्या हलल्या आणि अंगावर पाण्याचा सडा पडला, तेवढंच. हळूमामांनी कपाळ पुसत हळू म्हटलं, म्हणजे इथली माकडं अशीच भेटतात.

वाट चढायला लागली तशी भिंगबाईंच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि फेटाळली. एका जाड झाडाच्या बुंध्यावर ओरखडे होते, उभे, खोल, छातीच्या उंचीवर. भिंगबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. बोटांनी चाचपलं. कडा जुन्या होत्या, शेवाळ भरलेल्या. नख्या असतील. वरून कोसळलेली फांदी घासली असेल. कुणी कुऱ्हाडीची धार बघितली असेल. हळूमामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. या म्हातारीला काय हवंय ते त्यांनाही कळलं होतं.

"मी सांगतो साहेबांना," ते म्हणाले. "अस्वलाचंच आहे म्हणून. माझं ऐकतात ते."

एवढं लांबलचक वाक्य हळूमामा बऱ्याच दिवसांनी बोलले असावेत. भिंगबाईंना क्षणभर मोह झाला. मग त्यांनी मान हलवली.

"नको. घरात तसला एक होता, पुरे झाला."

त्या पुढे निघाल्या. ढग आणखी दाटला. आता हातातली काठीसुद्धा निम्मीच दिसत होती. हळूमामा मागे फिरायला सांगणार, तेवढ्यात खालच्या बाजूनं, वाटेच्या वळणावर, काहीतरी उभं राहिलं.

काळं होतं. रुंद होतं. दोन पायांवर होतं. घशातून खरखर श्वास टाकत होतं.

हळूमामांच्या तोंडून या वेळी हळू निघालं नाही.

"पळा."

आणि ते पळाले. शेवाळावरून, मुळांवरून, ज्या वाटेवर त्यांनी उभा जन्म लोकांना हळू चालायला शिकवलं तिच्यावरून, ते हरणासारखे गेले. भिंगबाई पळाल्या नाहीत. पळायला गुडघे हवेत हे खरं, पण गुडघे असते तरी त्या पळाल्या नसत्या. छाती इतकी धडधडत होती की त्यांना तो पानातला बेडूक आपल्याच गळ्यात बसलाय असं वाटलं. आणि भीतीच्या वरताण एक आनंद अंगातून चढत गेला, की मेल्या, खरं होतं रे तुझं. त्या वाटेच्या कडेला झाल्या, बसमध्ये नव्या माणसाला जागा करून देतात तशा. ये, त्या मनात म्हणाल्या, ये बाबा, पुढे ये, म्हणजे नीट बघते.

काळं पुढे आलं.

"आई, कुठवर आलीस गं?" अस्वल म्हणालं.

उद्यानाचा काळा रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली, आणि आत घामानं भिजलेली, धापा टाकणारी मुलगी. चहा थंड होईपर्यंत तिनं दम धरला होता, मग राहवलं नाही.

"मला वाटलं तू पडलीस कुठंतरी," मुलगी म्हणाली.

"मला वाटलं तू अस्वल आहेस."

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिला दिसलं की आई हसत नाहीये, ओठ घट्ट मिटून ढगाकडे बघतेय. तिनं आईचा हात धरला, आणि भिंगबाईंनी, ज्या कुणाला सहसा हात धरू देत नसत, तो धरू दिला.

थोड्या वेळानं मुलीनं विचारलं, "आई, खरं सांग. बाबांनी थापच मारली होती ना?"

भिंगबाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. काचेखाली काही अर्धवट दिसलं की त्या असाच वेळ घ्यायच्या. तू वळणावर उभी होतीस, त्या सावकाश म्हणाल्या, तेव्हा ढग आणखी एक श्वासभर दाटला असता आणि तू मागे फिरली असतीस, तर मी मरेपर्यंत सांगितलं असतं, की मी अस्वल बघितलं. शपथेवर सांगितलं असतं. ती थाप झाली असती का?

मुलगी म्हणाली, चूक झाली असती.

"चूक वेगळी. थाप वेगळी," भिंगबाई म्हणाल्या. "आणि कुणास ठाऊक, त्याची चूकही नसेल. बोचकं-बिचकं सोड, तो मसाला त्याचा. पण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याचे हात गार होते. मी हातात घेतले होते ना, मला माहीत."

दोघी हळूहळू उतरल्या.

दालनात हळूमामा आडवाटेनं आधीच पोचून एका खुर्चीवर पाणी पीत बसले होते. साहेबांनी उत्सुकतेनं विचारलं, की आजी, दिसलं का अस्वल?

"दिसलं नाही," भिंगबाई म्हणाल्या. "मुलगी दिसली. तुमचा माणूस मात्र पळा म्हणाला. नसलेल्या अस्वलाला भिऊन एवढ्या जोरात कुणी पळत नाही."

हळूमामांनी पेल्यात तोंड घातलं. साहेब हसले, दिलगिरीनं हसले, पण हसले. ते म्हणाले, की आजी, ठरल्याप्रमाणे अस्वल काही आलं नाही, तेव्हा आता शब्द राहू दे, आपण चांगला फोटो काढू, फ्रेम करून घरी पाठवतो.

भिंगबाईंनी पिशवीतून एक पांढरं सुती फडकं काढलं. इस्पितळ सुटलं तरी फडकं सुटलं नव्हतं. वाटेत ते चिंब भिजलं होतं. त्या भिंतीपुढे गेल्या. या वेळी बोट रंगाच्या अलीकडे थांबलं नाही. त्यांनी डावा हात भिंतीवर पालथा ठेवला आणि काचपट्टी पुसतात तसं, एकाच दिशेनं, जोर न लावता, 'थापाड्या' पुसायला घेतलं. ढगातल्या दालनात रंग कुठला वाळायला? पिवळं मऊ पडून फडक्यावर यायला लागलं.

"आजी, अहो, सरकारी भिंत आहे," साहेब म्हणाले.

"भिंत तुमची आहे. शब्द माझा आहे." त्यांचा हात थांबला नाही. "त्याचे डबे मी भरले. त्याचं खोकणं मी ऐकलं. त्याला थापाड्या म्हणायचा हक्क माझा, आणि मी तो कुणाला दिलेला नाही. उद्या पुन्हा लिहिलंत तर उद्या पुन्हा येईन. परवा लिहिलंत तर परवा. गुडघे दुखतात, पण येते."

साहेबांनी मुलीकडे बघितलं, की ही काहीतरी बोलेल. ती पुढे झाली आणि फोटोसाठी आणलेल्या नव्या रुमालानं, आईनं पुसलेल्याच दिशेनं, शेवटचा काना पुसायला लागली.

शब्द गेला. त्याच्या जागी पिवळट राखाडी डाग राहिला, बसच्या चाकांना लागून, खालून चढत येणाऱ्या धुक्यासारखा. मिशावाला ड्रायव्हर त्यातून बस काढत होता. पुढे लिहिलेलं होतं तेवढंच उरलं, 'ड्रायव्हर आणि त्याचं अस्वल'.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि पाहुण्यांचा एक घोळका ओल्या टोप्या झटकत आत आला. चित्र बघून सगळे खुलले. त्यांच्यातल्या एका बाईनं, फडकं हातात घेऊन उभी असलेली म्हातारी इथलीच कामवाली असेल असं समजून, भिंगबाईंना विचारलं, की हे खरंच घडलं होतं का हो?

साहेब, मुलगी, हळूमामा, तिघंही भिंगबाईंकडे बघायला लागले.

"मी नव्हते बसमध्ये," भिंगबाई म्हणाल्या. "तो म्हणायचा, एकदा चल वरपर्यंत, पुढच्या सीटवर बसवतो. पण मला सुट्टी नसायची."

आणि त्या फडकं पिळायला बाहेरच्या नळावर गेल्या. पिवळं पाणी बराच वेळ निघत राहिलं.